सांधा आणि झडप : उच्च दाबाच्या नळव्यवस्थेतील वितळजोडाचा इतिहास

१

वाफेच्या युगाचा इतिहास लिहिताना अभ्यासकांचे लक्ष बहुधा दोन टोकांकडे जाते. एका टोकाला बॉयलर असतो, दुसऱ्या टोकाला एंजिन किंवा टर्बाइन. या दोहोंच्या मधला नळ मात्र इतिहासकारांच्या नजरेतून सुटतो. वस्तुतः कारखान्यातील अपघातांची मीमांसा करू लागले असता असे आढळून येते की, सरळ अखंड नळ सहसा दगा देत नाही. दगा देतो तो सांधा. आणि नळव्यवस्थेत जेथे जेथे झडप बसवावी लागते, तेथे तेथे किमान दोन सांधे निर्माण होतात. प्रवाह अडविणे आणि सोडणे हे झडपेचे काम. परंतु ते काम करण्यासाठी तिला प्रथम नळाचा अंश व्हावे लागते. हे अंश होणे कसे घडते, या प्रश्नाचे उत्तर गेल्या दीडशे-दोनशे वर्षांत अनेकदा बदलले. त्या बदलाचा मागोवा घेणे हा प्रस्तुत लेखाचा उद्देश होय.

मराठीत या विषयाची शब्दसंपत्ती अगदीच तुटपुंजी नाही. ‘सांधा’ हा शब्द हाडांच्या जोडालाही लागतो आणि सुताराच्या जोडालाही. ‘जोडणे’, ‘सांधणे’, ‘डाख देणे’, ‘झाळणे’ या क्रियापदांत अर्थाच्या निरनिराळ्या छटा आहेत. डाख देताना किंवा झाळताना दोन धातूंच्या मध्ये तिसरा, लवकर वितळणारा धातू येतो. मूळ धातू घनच राहतात. याउलट वेल्डिंगमध्ये मूळ धातूच वितळून एकमेकांत मिसळतात, म्हणून त्यास ‘वितळजोड’ हे नाव यथार्थ ठरते. हा भेद केवळ शाब्दिक नाही. पुढे दिसून येईल की, डाख आणि वितळजोड यांतील अंतर एके प्रसंगी १२९ माणसांच्या मृत्यूच्या चौकशीत ऐरणीवर आले.

२

आरंभीच्या काळात सांधा सुटा करता येणे हाच त्याचा मुख्य गुण समजला जाई. सतराव्या शतकात व्हर्सायच्या राजवाड्यास पाणी पुरविण्यासाठी बिडाचे नळ घातले गेले, ते टोकांना कडा असलेले, म्हणजे फ्लँजचे होते. १७८५ साली टॉमस सिम्प्सन याने लंडनमध्ये एका नळाचे टोक दुसऱ्याच्या रुंद तोंडात बसवून सांधा करण्याची रीत आणली. झडपेच्या बाजूने पाहता, जेम्स नॅस्मिथ याने १८३९ साली योजिलेली दुतर्फा पाचरीच्या आकाराची सरकती झडप महत्त्वाची आहे. आजच्या गेट-झडपेत तोच विचार दिसतो. १८४१ साली जोसेफ व्हिटवर्थ याने स्क्रूच्या आट्यांना एकच प्रमाण असावे असा आग्रह धरला. त्यामुळे एका कारखान्यात बनविलेली झडप दुसऱ्या कारखान्याच्या नळावर बसविता येण्याचा मार्ग मोकळा झाला.

या सर्व योजनांमागे एक समान गृहीत होते. झडपेत हलणारे भाग असतात, बैठक झिजते, दांड्याभोवतीचे पॅकिंग सुकते. तेव्हा झडप ही केव्हातरी काढावीच लागणार. म्हणून ती आट्यांनी किंवा बोल्टांनी बसवावी. नळ कायमचा व झडप तात्पुरती, अशी ही समजूत होती. दाब कमी होता तोवर ती योग्यही होती. सांधा गळू लागला तर फिटरने पाना घेऊन बोल्ट आवळावा, फार तर गॅस्केट बदलावे. गळती डोळ्यांना दिसे, कानांना ऐकू येई आणि उपाय हाताशी असे.

जो दोष दिसत नाही त्याचे काय, हा प्रश्न मात्र अनुत्तरित होता. २० मार्च १९०५ रोजी अमेरिकेच्या मॅसॅच्युसेट्स राज्यातील ब्रॉक्टन येथे ग्रोव्हर पादत्राण कारखान्याचा बॉयलर फुटला व ५८ माणसे मृत्युमुखी पडली. त्या बॉयलरच्या पत्र्यांचा सांधा रिव्हेटचा, एकावर एक पत्रा चढविलेला असा होता. अशा सांध्यात पत्र्याचे वर्तुळ पूर्ण गोल राहत नाही; दाब चढला-उतरला की पत्रा सांध्याशी वाकतो व त्या वाकण्याने चढविलेल्या भागाखाली, जेथे नजर पोहोचत नाही तेथे, चीर वाढत जाते. या अपघातानंतर मॅसॅच्युसेट्सने १९०७ मध्ये बॉयलरविषयक नियम केले, १९११ मध्ये अमेरिकेतील यंत्र-अभियंत्यांच्या संस्थेने समिती नेमली आणि त्या समितीच्या परिश्रमांतून बॉयलर-संहितेची १९१४ ची पहिली आवृत्ती सिद्ध झाली. सांध्यातील अदृश्य दोष हा यापुढे केवळ कारागिराच्या कौशल्याचा विषय राहिला नाही. तो लेखी नियमाचा विषय झाला.

३

वितळजोडाचा जन्म याच सुमारास झालेला होता, परंतु त्यास विश्वास लाभला नव्हता. निकोलाय बेनार्दोस याने कार्बनच्या कांडीतून विजेचा ज्वालाकंस पाडून धातू जोडण्याची रीत १८८० नंतरच्या दशकात पेटंट केली. १८८८ साली निकोलाय स्लाव्यानोव्ह याने कार्बनऐवजी धातूचीच कांडी वापरली. ती वितळून सांध्यात भर घालू लागली. अमेरिकेत सी. एल. कॉफिन याने १८९० मध्ये अशाच स्वरूपाचे पेटंट मिळविले. फ्रान्समध्ये १९०३ च्या सुमारास ऑक्सिजन व ॲसिटिलीन यांची मशाल व्यवहारात आली. परंतु उघड्या हवेत वितळलेल्या पोलादात ऑक्सिजन व नायट्रोजन शिरून जोड ठिसूळ होई. स्वीडनमधील ऑस्कर केलबर्ग याने कांडीवर लेप देण्याची युक्ती काढली. त्या लेपाच्या जळण्याने वायूचे व मळीचे आवरण तयार होऊन वितळलेल्या धातूचे रक्षण होऊ लागले. वितळजोड उच्च दाबाच्या कामास योग्य होण्याची ही पहिली पायरी होय.

नळांच्या क्षेत्रात आरंभ गॅसच्या मशालीने झाला. १९११ साली फिलाडेल्फियाजवळ सुमारे ११ मैल लांबीची गॅसवाहिनी ऑक्सि-ॲसिटिलीनच्या साहाय्याने जोडण्यात आली. परंतु गॅसवाहिनीतील अल्प दाब आणि वीजकेंद्रातील वाफ यांत महदंतर आहे. खरी कसोटी वीजकेंद्रांनीच लावली. १९२५ साली बॉस्टन एडिसन कंपनीच्या वेमथ येथील एडगर केंद्रात दर चौरस इंचास १,२०० पौंड दाबाची वाफ वापरण्यात आली. तोवर बहुतेक केंद्रे याच्या फार तर तिसऱ्या हिश्श्याइतक्या दाबावर चालत. या केंद्रासाठी ओतलेल्या धातूच्या भागांची तपासणी वॉटरटाउन शस्त्रागारातील एच. एच. लेस्टर याने क्ष-किरणांच्या साहाय्याने केली. ही घटना तंत्रेतिहासात मोलाची आहे, कारण धातूच्या पोटातील पोकळी वस्तू न फोडता पाहण्याची सोय येथे उद्योगास प्राप्त झाली. पुढे १९३१ च्या सुमारास बॉयलर-संहितेने वितळजोडाच्या पिंपांना मान्यता दिली, ती क्ष-किरण तपासणीच्या अटीवरच दिली. अर्थात, वितळजोड स्वीकारला गेला तो केवळ तो बळकट होता म्हणून नव्हे, तर तो तपासता येऊ लागला म्हणून.

४

दाब व उष्णता वाढताच फ्लँजच्या सांध्यातील उणीव उघड झाली. फ्लँज घट्ट राहतो तो बोल्टांच्या ताणामुळे. परंतु तप्त पोलाद सततच्या भाराखाली हळूहळू वाढते; बोल्ट कणाकणाने लांब होतो, त्याचा ताण ओसरतो आणि काही महिन्यांपूर्वी निर्दोष असलेला सांधा गळू लागतो. दाब पेलण्यासाठी फ्लँज जाड करावा तर तो नळापेक्षा सावकाश तापतो व सावकाश निवतो. त्यामुळे केंद्र चालू-बंद होताना नवे ताण उत्पन्न होतात. अतितप्त वाफेची बारीक गळती डोळ्यांना दिसतही नाही, आणि तिच्या मार्गात आलेला हात भाजून निघतो. अशा परिस्थितीत सुटा होणारा सांधा हा गुण न राहता दोष ठरला. १९२६ मध्ये अमेरिकेत दाबाच्या नळांसाठी बी-३१ हा प्रमाणसंहितेचा प्रकल्प सुरू झाला व १९३५ मध्ये तिचा पहिला मसुदा प्रसिद्ध झाला. नळकाम हा बॉयलरचा उपांग न राहता स्वतंत्र शास्त्रविषय बनल्याची ही खूण होती.

येथे झडपेच्या रचनेत एक मूलगामी फेरबदल आवश्यक झाला. झडप नळाला वितळजोडाने कायमची जोडावयाची, तर तिची दुरुस्ती नळावर असतानाच करता आली पाहिजे. म्हणून झडपेचे शरीर नळाचा भाग बनले आणि वरचे झाकण तेवढे उघडण्याजोगे राहिले. झाकण उघडून आतली पाचर काढावी, बैठक जागच्या जागी घासून साफ करावी, असा क्रम रूढ झाला. उच्च दाबाच्या झडपांत तर झाकणाची रचनाच अशी केली जाऊ लागली की, आतला दाब झाकणाला वर ढकलतो आणि त्या ढकलण्यानेच त्याच्या कडेवरची कडी अधिक घट्ट बसते. म्हणजे दाब जितका अधिक, तितकी गळती कमी. ‘नळ कायमचा, झडप तात्पुरती’ ही जुनी समजूत येथे मोडली. झडपेचे कवच कायमचे व अंतरंग तात्पुरते, अशी नवी वाटणी झाली.

५

वितळजोडाची झडप बसविण्याच्या कृतीत या इतिहासाचे सर्व धडे साठविलेले आहेत. मोठ्या नळांवर टोकास टोक भिडवून जोड करतात. त्यासाठी नळाचे व झडपेचे टोक तिरपे कापतात. नेहमीच्या जाडीच्या नळांना हा उतार सुमारे साडेसदतीस अंशांचा असतो. दोन्ही टोके एका रेषेत आणून मध्ये अल्प फट ठेवतात, कारण तळाचा पहिला थर संपूर्ण जाडीत उतरला नाही तर आतल्या बाजूस खाच राहते व तीच पुढे चिरेचे मूळ ठरते. हा पहिला थर निष्क्रिय वायूच्या आवरणात टंगस्टनच्या कांडीने घालण्याची रीत १९४१ च्या सुमारास अमेरिकेत नॉर्थ्रॉप विमान कंपनीत रसेल मेरेडिथ याने विकसित केली. ती मॅग्नेशियमसाठी होती, पण पुढे नळकामात तिने कायमचे स्थान मिळविले.

लहान नळांवर झडपेच्या खोबणीत नळाचे टोक घालून बाहेरून जोड करतात. येथे नियम असा की, टोक खोबणीच्या तळाला टेकवून मग सुमारे दीड मिलिमीटर मागे घ्यावे. कारण साधे आहे : नळ तापला की लांब होतो, त्याचे टोक तळाला टेकलेले असेल तर ते लांब होणे सर्वस्वी जोडावर ताण टाकते. दीड मिलिमीटरची ती फट बाहेरून दिसत नाही. ती ठेवली की नाही, हे काम करणाऱ्यालाच ठाऊक असते. म्हणूनच पुष्कळ ठिकाणी टोक टेकल्यावर नळावर खूण करून मागे घेतल्याचा पुरावा ठेवण्याची पद्धत पडली आहे.

उष्णतेचा प्रश्न याहून नाजूक आहे. वितळजोडाच्या जागी पोलाद दीड हजार अंशांपर्यंत तापते आणि झडपेची बैठक तेथून काही बोटांच्याच अंतरावर असते. रॉय प्लंकेट यास १९३८ साली योगायोगाने सापडलेल्या टेफ्लॉनची बैठक असलेल्या बॉल-झडपा विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात सर्वत्र पसरल्या. परंतु टेफ्लॉनची सहनशक्ती सुमारे २६० अंश सेल्सियसपर्यंतच आहे. म्हणून एक तर अशी बैठक आधी काढून ठेवावी लागते, नाही तर झडपेला कारखान्यातच नळाचे लांब तुकडे जोडून आणावे लागतात, म्हणजे प्रत्यक्ष जागेवरची आच बैठकीपर्यंत पोहोचत नाही. बॉल-झडप जोडताना पूर्ण उघडी ठेवतात, जेणेकरून उडणाऱ्या ठिणग्यांनी गोळ्याच्या गुळगुळीत पृष्ठावर व्रण पडू नयेत. परतीच्या विजेची तार जोडाच्या अगदी जवळ, त्याच बाजूच्या नळाला लावतात; ती झडपेपलीकडे लावली तर प्रवाह बैठकीतून जातो आणि जेथे संपर्क सैल असेल तेथे ठिणगी पडून खड्डे पाडतो. झडपेवरील बाणाची दिशा प्रवाहाशी जुळते की नाही, हे आधीच पाहावे लागते. बोल्टची झडप उलटी बसली तर तासाभरात सरळ करता येते. वितळजोडाची झडप उलटी बसली तर नळ कापावा लागतो.

६

वितळजोडाचे गुण जसे सिद्ध झाले, तसेच त्याचे दोषही. १६ जानेवारी १९४३ रोजी अमेरिकेच्या पोर्टलंड बंदरातील शांत पाण्यात, धक्क्याशी बांधलेले ‘स्केनेक्टडी’ हे नवे तेलवाहू जहाज अकस्मात दुभंगले. रिव्हेटच्या जहाजात चीर एका पत्र्याच्या कडेशी येऊन थांबण्याची शक्यता असते. वितळजोडाच्या जहाजात सर्व पत्रे मिळून एकच शरीर झालेले असल्यामुळे तिला अडविणारे काही राहत नाही. थंडीत ठिसूळ होणारे पोलाद व सदोष जोड यांच्या संयोगाचा हा परिणाम होता. अखंडत्व म्हणजे निर्दोषत्व नव्हे, हा धडा त्यातून मिळाला. तसेच १९५४ च्या सप्टेंबरात पहिल्या अणुपाणबुडीच्या, ‘नॉटिलस’च्या, धक्क्यावरील चाचणीत वाफेचा एक बारीक नळ फुटला. तपासात निष्पन्न झाले की, तेथे सांधेरहित नळाऐवजी कठड्यांसाठी वापरावयाचा सामान्य नळ बसविला गेला होता. दिसण्यात दोन्ही सारखे. तेव्हा प्रत्येक तुकड्याचे कुलशील कागदावर नोंदलेले असावे, ही मागणी बळावली.

तथापि, या इतिहासातील सर्वांत दारुण प्रसंग ‘थ्रेशर’ या पाणबुडीचा होय. १० एप्रिल १९६३ रोजी केप कॉडच्या पूर्वेस सुमारे २२० मैलांवर, खोल बुडीच्या चाचणीत ती १२९ माणसांसह नष्ट झाली. त्यांत १७ जण गोदीतील व कारखान्यांतील मुलकी तंत्रज्ञ होते. तिच्या समुद्रजलाच्या नळांत सुमारे तीन हजार सांधे चांदीच्या मिश्रधातूचा डाख देऊन केलेले होते. डाखाच्या सांध्यात वितळलेला मिश्रधातू नळ व खोबण यांमधील अरुंद जागेत शोषला जावा लागतो. बाहेरच्या कडेवर चांदीचे पूर्ण वर्तुळ दिसले म्हणजे आत धातू सर्वत्र पोहोचला असे सिद्ध होत नाही. शिवाय जोड अर्धवट असूनही पाण्याच्या दाबाची चाचणी तो उत्तीर्ण होऊ शकतो. १९६० साली ‘बार्बेल’ या पाणबुडीत असा सांधा सुटून पाणी आत शिरले होते, म्हणजे इशारा मिळालेला होता. थ्रेशर गोदीत असताना तिचे १४५ सांधे श्राव्यातीत ध्वनिलहरींनी तपासण्यात आले, तेव्हा त्यांपैकी सुमारे १४ टक्के प्रमाणापेक्षा निकृष्ट आढळले. तरीही उरलेल्या सांध्यांची तपासणी न होताच ती समुद्रात गेली.

चौकशी न्यायालयाने संभाव्य कारण म्हणून एंजिनकक्षातील समुद्रजलाच्या नळाचा सांधा सुटल्याचे नमूद केले : पाण्याच्या फवाऱ्याने विजेची उपकरणे निकामी झाली, अणुभट्टी बंद पडली आणि टाक्यांतील पाणी हवेच्या दाबाने बाहेर लोटण्याचा प्रयत्नही फसला. ‘टिनोसा’ या भगिनी-पाणबुडीवर केलेल्या प्रयोगात दिसून आले की, उच्च दाबाच्या हवेतील ओलावा झडपांच्या गाळणीवर गोठून बर्फ होतो व हवेचा मार्गच बंद पडतो. म्हणजे एकीकडे सांधा आणि दुसरीकडे झडप, दोन्ही एकाच वेळी कसोटीस उतरली नाहीत. काही अभ्यासकांनी ध्वनिनोंदींच्या आधारे मूळ बिघाड विजेचा असावा, असेही मत मांडले आहे. २०२० पासून अमेरिकी नौदलाने चौकशीचे कागद टप्प्याटप्प्याने खुले केल्यामुळे त्या वादाची छाननी शक्य झाली आहे. परंतु सांध्यांविषयीची १४ टक्क्यांची नोंद या वादाने पुसली जात नाही. डिसेंबर १९६३ मध्ये ‘सबसेफ’ ही व्यवस्था सुरू झाली. पाण्याचा दाब पेलणाऱ्या नळांत डाखाऐवजी शक्य तेथे वितळजोड आले, आणि प्रत्येक जोडाची, प्रत्येक झडपेची, ती बसविणाऱ्याची व तपासणाऱ्याची नोंद ठेवण्याचे बंधन आले. या व्यवस्थेचे प्रमाणपत्र असलेली एकही अमेरिकी पाणबुडी त्यानंतर बुडालेली नाही. १९६८ मध्ये गेलेल्या ‘स्कॉर्पियन’ला ते प्रमाणपत्र नव्हते.

७

येथे वितळजोडाचा निर्णायक विजय झाला, असे वाटण्याचा संभव आहे. इतिहास मात्र तसा सरळ नाही. सप्टेंबर १९७४ मध्ये अमेरिकेतील ड्रेस्डेन अणुवीजकेंद्राच्या दुसऱ्या संचात गंजरोधक पोलादाच्या नळांना वितळजोडाच्या लगत चिरा आढळल्या व लवकरच त्याच जातीच्या इतर केंद्रांतही तशाच चिरा दिसल्या. दोष जोडातील धातूत नव्हता. तो जोडाच्या शेजारच्या अरुंद पट्ट्यात होता. तेथे आचेमुळे पोलादातील कार्बनने क्रोमियमला कणांच्या सीमांवर बांधून टाकले होते, त्यामुळे त्या सीमांना गंजरोधक क्रोमियम उरले नव्हते. जोडामागे राहिलेला ताण आणि पाण्यातील ऑक्सिजन यांनी उरलेले काम केले. यावर अल्प कार्बनचे पोलाद, पाण्यातील ऑक्सिजनचे नियंत्रण आणि जोडातील ताण कमी करण्याच्या रीती असे उपाय योजण्यात आले. महाराष्ट्राच्या किनाऱ्यावर तारापूर येथे १९६९ मध्ये सुरू झालेले दोन संच याच उकळत्या पाण्याच्या जातीचे असल्याने हा प्रश्न येथील अभियंत्यांनाही परका नव्हता.

या सर्व विवेचनावरून एक गोष्ट स्पष्ट होते. फ्लँज, डाख व वितळजोड या तीन रीतींचा क्रम हा निव्वळ अधिकाधिक बळकटीचा क्रम नाही. फ्लँजचा सांधा आपला दोष स्वतःच बोलून दाखवतो. डाखाचा सांधा निर्दोष असल्याचे सोंग घेऊ शकतो. वितळजोडाचा सांधा बोलत नाही, परंतु योग्य साधनाने विचारले असता उत्तर देतो. म्हणून वितळजोडाच्या झडपेचा इतिहास हा क्ष-किरणांच्या, ध्वनिलहरींच्या आणि नोंदवहीच्या इतिहासापासून वेगळा काढता येत नाही. ब्रॉक्टनच्या बॉयलरमधील चीर कोणालाही दिसणे शक्य नव्हते. थ्रेशरचे निकृष्ट सांधे मात्र तपासणाऱ्यांना दिसले होते, कागदावर आले होते, आणि तरीही काम पुढे गेले. पहिल्या प्रसंगी ज्ञान अपुरे पडले. दुसऱ्या प्रसंगी ज्ञान हाती असून ते निर्णयापर्यंत पोहोचले नाही. नळकामाच्या इतिहासात या दोन प्रसंगांतील भेद अभ्यासकाने सदैव ध्यानात ठेवला पाहिजे. कारण पहिल्या प्रकारच्या दोषावर नवे उपकरण हा उपाय होऊ शकतो, दुसऱ्यावर होऊ शकत नाही.